माती परीक्षणाचा कागद, मचूळ विहीर आणि तुमच्या बहिणीचा प्रश्न

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: शिरोळ तालुक्यात घरची अडीच एकर काळी जमीन. पंधरा वर्षांपूर्वी एकरी ६५ टन ऊस जायचा, यंदा ३२ टनांवर आला. ऊस पिवळा दिसतो म्हणून वडील युरिया वाढवत गेले, आता सुरू उसाला (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावलेल्या) एकरी नऊ गोण्या पडतात. विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. माती परीक्षण दोनदा झालं, कागद कपाटात आहेत. आणि धाकटी बहीण कृषी पदवी करून पुढं मृदाशास्त्र घ्यायचं म्हणते, तर घरचे म्हणतात, "त्यापेक्षा नर्सिंग कर, चार माणसांच्या आरोग्याला तरी उपयोग होईल." शेवटी तुम्ही विचारलंय की माती आणि पिकांच्या शास्त्राचा कुणाला खरंच उपयोग होतो, की नुसते कागद रंगतात.

मी कोल्हापुरात सव्वीस वर्षं माती आणि पाणी तपासते आहे. जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याची माती माझ्या टेबलावरून गेली आहे. तुम्हाला वाटतंय की तुम्ही शेत, विहीर, खर्च आणि बहीण असे चार वेगळे प्रश्न विचारलेत. मला मात्र ही एकच गोष्ट दिसते, आणि ती बहिणीच्या प्रश्नापर्यंत आपोआप जाते. घरात सगळेजण "उसाला काय कमी पडलं" हे शोधताहेत. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की जमिनीत काहीतरी जास्त झालंय, ते साठलंय, आणि तिथून ते विहिरीत आणि घरात यायला लागलंय.

आधी एक सांगते. नमुना हातात घेतल्याशिवाय कुणीही ठाम निदान करू नये, मीही करणार नाही. तुमचं वावर उंचावर आहे की नदीच्या तळात, खाली मुरूम किती फुटांवर लागतो, पावसाळ्यात विहीर काठोकाठ येते का, पाणी नदीचं आहे की विहिरीचं, यावर उत्तर बदलतं. आपल्याच जिल्ह्यात बघा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शिरोळला जेमतेम पाचशे-सहाशे. तिकडे पावसानं शतकानुशतकं क्षार धुऊन नेले, म्हणून जांभ्या दगडाची ती माती आम्लधर्मी. इकडे क्षार धुवायला पाऊसच पुरत नाही, म्हणून काळी माती विम्लधर्मी. तिथं चुना लागतो, इथं चुना आधीच जास्त आहे. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा "जमीन सुधारण्याचा रामबाण डोस" बघितला की मला भीती वाटते. एका तालुक्याचं औषध दुसऱ्या तालुक्यात विष ठरू शकतं.

आता पिवळेपणा. खत घालण्याआधी उसाजवळ उभं राहून फक्त एवढं बघायचं की पिवळी पानं कुठली आहेत, खालची जुनी की वरची कोवळी. नत्र झाडात हलतं. तुटवडा पडला की झाड जुन्या पानातलं नत्र काढून कोंबाला देतं, म्हणून नत्राची उपासमार खालच्या पानांवर आधी दिसते. लोह असं हलत नाही. ते एकदा पानात बसलं की बसलं. म्हणून लोह कमी पडलं तर वरची कोवळी पानं पिवळी-पांढरी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडे याला केवडा पडला म्हणतात. चुनखडीच्या, जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत लोह असतं, पण मुळाला ते विरघळलेलं मिळत नाही. अशा उसाला तुम्ही नऊच काय, बारा गोण्या युरिया दिला तरी केवडा जाणार नाही. तुमच्या वडिलांनी पिवळं पान बघून युरिया दिला, त्यात त्यांची चूक नाही. दुकानातही बहुतेक वेळा तेच सांगतात. पण वनस्पतिशास्त्रातली ही साधी गोष्ट त्यांना कुणी बांधावर उभं राहून दाखवली असती, तर किती पैसे वाचले असते.

पण तुमच्याकडे नुसता केवडा नसावा. टन निम्म्यावर आलाय आणि पाणी मचूळ झालंय, या दोन गोष्टी एकत्र येतात तेव्हा क्षारांचा संशय घ्यावाच लागतो. क्षार आले कुठून, हा हिशेब मी शेतकऱ्यांना वहीवर करून दाखवते. पाण्याची क्षारता, ज्याला सगळे ईसी म्हणतात, ती मीटरला एक डेसीसायमन असेल तर लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. तुमची विहीर जिभेला मचूळ लागतेय म्हणजे तिची ईसी एकच्या खाली नसणार. पाटानं भिजवलेल्या उसाला वर्षभरात दोनशे सेंटिमीटर पाणी सहज जातं. हेक्टरला ते वीस हजार घनमीटर होतं. गुणाकार केला तर हेक्टरी बारा-तेरा टन, एकरी पाच टन क्षार. पन्नास किलोची शंभर पोती. हे तुम्ही दरवर्षी आपल्या हातानं, पाण्यातून, वावरात टाकता. पाणी ऊस पितो, उन्हानं उडून जातं. क्षार मागे राहतात. पाऊस त्यातले काही खाली नेतो, पण खाली वाट नसेल आणि भूजल वर आलेलं असेल तर उन्हाळ्यात तेच क्षार केशाकर्षणानं पुन्हा वर येतात. एप्रिलमध्ये सरीच्या माथ्यावर पांढरी भुकटी दिसते ना, ती हीच.

उसावर काय परिणाम होतो ते समजायला कैरीचं उदाहरण घ्या. लोणच्यासाठी फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात त्यांना पाणी सुटतं. बाहेर मीठ जास्त झालं की पाणी आतून बाहेर ओढलं जातं. खारट जमिनीत मुळाचं तेच होतं. पायाखाली चिखल असतो, पण ऊस तहानलेला. शेतकरी टोकं करपलेली बघतो, "पाणी कमी पडलं" म्हणून आणखी पाणी देतो, आणि त्या पाण्याबरोबर आणखी क्षार येतात. प्रयोगांमधून बसवलेला ठोकताळा असा की मातीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्यात पुरती भिजवून लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याची) ईसी १.७च्या वर गेली की उसाचं उत्पादन घटायला लागतं, आणि १०च्या आसपास ते निम्म्यावर येतं. तुमचे ६५चे ३२ याच चित्रात बसतात. अर्थात पाणथळपणा, जुनं बेणं, मुळं खाणारी हुमणी यांचाही वाटा असू शकतो.

इथं तुमच्या कपाटातले कागद बाहेर काढा. त्यात ईसी कुठल्या पद्धतीनं मोजली ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. त्यात पाणी जास्त असल्यामुळे आकडा बराच लहान येतो. पुस्तकात "४च्या वर क्षारयुक्त" लिहिलेलं असतं ते संपृक्त अर्काचं. लोक कागदावर १.३ बघतात, पुस्तकातल्या ४शी ताडून बघतात आणि निश्चिंत होतात. प्रत्यक्षात एकास अडीचच्या पद्धतीत १च्या वरचा आकडा आला की सावध व्हायचं असतं. तुमचे कागद नुसते रंगलेले नाहीत. ते वाचून दाखवणारं कुणी भेटलं नाही, एवढंच.

दुसरा आकडा सामूचा. सामू ८.५च्या खाली आणि ईसी जास्त, तर जमीन क्षारयुक्त. तिला मुख्यतः निचरा आणि धुण्यासाठी चांगलं पाणी लागतं, जिप्समचा तिथं उपयोग नाही. सामू ८.५च्या वर, मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि ईसी कमी, तर ती चोपण. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रं बुजतात, पाणी वर साचतं, वाळलं की फरशीसारखं कडक होतं. तिथं जिप्सम लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. दोन्ही दोष एकत्र असतील तर ती क्षारयुक्त-चोपण, आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या तळात अशी बरीच सापडते. तिचा उपाय करताना क्रम चुकवून चालत नाही.

क्रम चुकला की काय होतं ते मी स्वतः शिकले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याची माती आली, सामू ८.९. मी जिप्समची शिफारस लिहून दिली, मात्रा अगदी बरोबर काढली होती. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. रागावले नव्हते. म्हणाले, "म्याडम, पोती पडली, पैसं गेलं, पाणी हाय तिथंच उभं हाय." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या वावरात गेले. खालच्या अंगाचा ओढा गाळानं भरून गेला होता, वरच्या तीन वावरांचं पाणी यांच्यात उतरत होतं. जिप्समनं सोडियम सुटला असेलही, पण त्याला जायला वाटच नव्हती. त्यानंतर मी कुणालाही पहिला प्रश्न "पाणी कुठं जातं?" हाच विचारते, मग बाकीचं. तुम्हालाही तोच आहे.

वाट काढायची तर उघडे चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून केलेला निचरा, हे दोन मार्ग. शिरोळ तालुक्यात भूमिगत निचऱ्याचं मोठं काम झालेलं आहे, तुमच्या गावाजवळ कुणाकडे तरी ते बघायला मिळेल. आधी ते बघून या, त्या शेतकऱ्याशी बोला. सांगलीजवळ कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, तिथं क्षारपड जमिनींवर काम चालतं. पाइप साधारण चार फूट खोल जातात, दोन ओळींतलं अंतर मातीवर ठरतं. पण अडीच एकराचा निचरा एकट्यानं होत नाही. तुमच्या पाइपचं पाणी शेजाऱ्याच्या वावरातून किंवा बांधावरून ओढ्यापर्यंत न्यावं लागतं. त्याला त्यात स्वतःचा फायदा दिसला तरच तो वाट देतो. मी अशा बैठकांना बसले आहे. भावकीतले जुने वाद, बांधाची कोर्टात गेलेली केस, सगळं त्या एका पाइपपाशी येऊन अडतं. आणि जिथं पंधरा-वीस खातेदार एका ओढ्यावर एकत्र आले, तिथं दहा वर्षं पडीक असलेल्या पांढऱ्या जमिनीत गहू-हरभरा उभा राहिलेला मी बघितलाय. समाजाला उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

यात एक प्रामाणिक अडचणही आहे. निचऱ्याचं खारं पाणी शेवटी ओढ्यातून नदीतच जातं, म्हणजे खालच्या गावाकडे. म्हणून निचऱ्याबरोबर पाणी कमी वापरणं आलंच. ठिबक केलं, आलटून पालटून सरी भिजवली, तर मुळात क्षार कमी येतात आणि पुढे कमी जातात. ठिबकमध्ये क्षार ओलाव्याच्या कडेला साठतात, तेव्हा पावसाळ्यात ते धुऊन जाताहेत ना, हे दर वर्षी तपासावं लागतं.

आता युरिया, आणि इथून तुमच्या घरच्यांच्या "आरोग्याला उपयोग" या मुद्द्याकडे येते. सुरू उसाला राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १०० किलो. ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असतं, म्हणजे सगळं नत्र युरियातून दिलं तरी पाच गोण्या पुरतात. तुमच्याकडे नऊ पडतात. वरच्या चार गोण्यांतलं ८० किलोच्या वर नत्र कुठं जातं? ३२ टनांचा ऊस ते खात नाही. जास्त सामूच्या जमिनीवर युरिया उघडा फेकला तर बराचसा अमोनिया होऊन हवेत उडतो. पाणथळ जागी जिवाणू नत्राचे वायू करतात, त्यात नायट्रस ऑक्साइड असतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. उरलेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतं. काही ओढ्यानं नदीला जातं. पंचगंगेवर दर उन्हाळ्यात केंदाळ पसरतं त्याला शहरांचं आणि गावांचं सांडपाणी हे मोठं कारण आहेच, पण शेतातून वाहिलेल्या खतावरही ते पोसतं. आणि काही नायट्रेट तुमच्या विहिरीत येतं.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते रंगानं, वासानं, चवीनं कळत नाही. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. धोका सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीच्या दुधावरच्या बाळाला. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं, ते रक्तातलं हिमोग्लोबिन बदलून टाकतं आणि ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते. बाळाचे ओठ, नखं निळसर पडतात. काही वर्षांपूर्वी एक बाई मातीच्या पिशवीबरोबर पाण्याची बाटलीही घेऊन आल्या, "आलेय तर हेही बघा" म्हणून. नायट्रेट मर्यादेच्या दुपटीवर. मी सहज विचारलं, घरात लहान मूल आहे का. सून नुकतीच बाळंत झाली होती, दूध पुरत नाही म्हणून बाळाला पावडरचं दूध, आणि ते याच विहिरीच्या पाण्यात. "उकळून घेतो की," त्या म्हणाल्या. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, तसं ते उलट दाट होतं. त्याच दिवसापासून बाळाचं पाणी बदललं आणि त्यांनी बाळाला डॉक्टरांना दाखवून घेतलं. बाळ ठीक होतं. मी डॉक्टर नाही, पण तो दिवस मला माझ्या कामातला सगळ्यात मोलाचा वाटतो. तुमच्या घरी किंवा वस्तीवर कुणी गरोदर असेल, तान्हं बाळ असेल, तर मातीचं नंतर बघू, आधी पाणी तपासा.

आरोग्याचं आणखी सांगायचं तर जस्ताचं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात माती, पीक आणि माणूस एका रेषेत येतात. १९६१ साली डॉ. आनंद प्रसाद या मूळच्या बिहारच्या डॉक्टरांनी इराणमधल्या खुरटलेल्या, वयात न आलेल्या तरुणांबद्दल लिहिलं. ती मुलं जवळपास नुसत्या रोटीवर जगत होती, माती खात होती. पुढच्या अभ्यासातून हे जस्ताच्या कमतरतेचं दुखणं आहे हे पुढं आलं. तोपर्यंत माणसाला जस्त कमी पडू शकतं हेच मान्य नव्हतं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९६६ साली, पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. यशवंत नेने यांनी तराईतल्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या, भाताच्या "खैरा" रोगाचं कारण शोधलं. पानं तांबूस पडून रोप खुजं राहायचं, लोक रोग समजत होते. तीसुद्धा जस्ताची कमतरता निघाली. खुजं रोप आणि खुजा मुलगा, कारण एकच. आपल्या देशातल्या तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्त कमी सापडतं, आणि चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते असूनही मिळत नाही. तुमच्या कागदावर जस्ताचा आकडा ०.६च्या खाली असेल तर एकरी आठ किलो झिंक सल्फेट, दहापट शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून द्या. उसाला फायदा होईलच, आणि बांधाच्या कडेला घरच्यापुरती ज्वारी, भाजी लावत असाल तर ताटातही थोडं येईल. ताटात किती येईल ते पिकावर आणि वाणावर अवलंबून, तिथं मी मोठा दावा करणार नाही. वाणांच्या बाजूनंही काम झालंय. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि आपल्या राहुरीच्या विद्यापीठानं मिळून काढलेली "धनशक्ती" बाजरी लोहासाठीच निवडलेली आहे.

घरचे नर्सिंगचं म्हणतात, ते काम थोर आहे, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण दवाखान्यातल्या कपाटातही मातीतून आलेल्या गोष्टी आहेत, हे त्यांना सांगा. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्यानं ते शोधलं. ज्या जिवाणूतून ते मिळालं, त्याचा एक वाण शेणखतानं भरलेल्या शेताच्या मातीतून काढलेला होता. वॅक्समन मूळचे मृदा-सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. १९५२चं नोबेल त्यांना मिळालं, शाट्झना मिळालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो तो याच गटातल्या जिवाणूंनी केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. चोपण वावराला तो वास येत नाही, आला तरी फार पुसट. उन्हाळी वळीव पडला की तुमच्या वावरात आणि एखाद्या भरपूर शेणखताच्या परसात जाऊन वास घेऊन बघा. हा माझा स्वतःचा अनुभव आहे, प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण त्यानं मला कधी फसवलेलं नाही.

अनुभवावरून आठवलं. करवीर तालुक्यात एका गुऱ्हाळावर मी रसाचे नमुने घ्यायला गेले होते. काहिलीत रस उकळत होता, भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी वर आली, ती झाऱ्यानं काढत होते. गुळव्यानं पाक थंड पाण्यात सोडला, बोटांत गोळी वळून बघितली, जिभेला लावली आणि ऊसवाल्याला विचारलं, "तळाच्या वावरातला हाय न्हवं? पावसाळ्यात ह्यो पाघळणार." तो ऊस खरंच तळाच्या, खारवटलेल्या तुकड्यातला होता. मीठ धरलेल्या आणि नत्र जास्त झालेल्या उसाचा गूळ काळपट होतो, खारट लागतो, दमट हवेत ढेप बसकण मारते. कोल्हापुरी गुळाचं नाव कढईत टिकतं तसं वावरातही टिकावं लागतं. त्या माणसाकडे यंत्र नव्हतं, पण जमिनीची क्षारता त्यानं बरोबर सांगितली. मी परत येऊन आकडा काढला तेव्हा त्याच्याबद्दलचा आदर वाढला, आणि आपल्या कामाबद्दलचाही. त्याला जे बिघडल्यावर कळतं, ते माती तपासून लावणीच्या आधी कळतं.

मग तुम्ही आता काय करायचं. या हंगामाचा ऊस तुटला की, खत टाकण्याआधी आणि पाणी देण्याआधी नमुना घ्या. अडीच एकरात वरचा आणि तळाचा भाग वेगळा दिसत असेल तर दोन वेगळे नमुने. आठ-दहा ठिकाणी व्हीच्या आकाराचा खड्डा काढून कडेची माती घ्यायची, एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. क्षारासाठी मात्र एक-एक फुटाचे तीन थर, तीन फुटांपर्यंत, वेगवेगळ्या पिशव्यांत. बांधाजवळची, उकिरड्याची, झाडाखालची माती नको. आणि खताच्या रिकाम्या पोत्यात नमुना आणू नका. असे नमुने दर आठवड्याला येतात आणि सगळी मेहनत वाया जाते. त्याबरोबर विहिरीचं पाणी स्वच्छ बाटलीत, ईसी, सोडियम आणि नायट्रेटसाठी.

अहवाल येईपर्यंत युरिया शिफारशीच्या वर एक किलोही नको. आहे तोही मातीआड करा, चार-पाच हप्त्यांत विभागून द्या. पाचट पेटवू नका. एकरी तीन-चार टन पाचट म्हणजे घरचंच सेंद्रिय खत. ते सरीत राहिलं तर उन्हाळ्यात जमिनीतून पाणी कमी उडतं आणि क्षार वर यायचा वेगही कमी होतो. खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) मोडणार असाल तर लावणीआधी धैंचा हे हिरवळीचं खत पेरून गाडा, तो खारवट जमिनीतही उगवतो. वाणांत को ८६०३२पेक्षा फुले २६५ अशा जमिनीत जास्त तग धरतो. पण कारखान्याच्या ऊस लागण धोरणात तो कुठल्या महिन्यात घेतात ते आधी विचारा. आणि वाणावर सगळी भिस्त ठेवू नका. वाट न काढता नुसता वाण बदलला तर तीन-चार वर्षांनी तुम्ही पुन्हा इथंच याल. वडिलांना एकदम "तुमचं चुकलं" म्हणू नका. कपाटातले जुने कागद आणि नवा अहवाल शेजारी ठेवा, आकडे कसे सरकले ते त्यांनाच बघू द्या. चाळीस वर्षं जमीन कसलेला माणूस आकडे बघितल्यावर आपल्याहून लवकर मुद्द्यावर येतो.

बहिणीचं. कृषी पदवीत सगळेच विषय असतात, मृदाशास्त्र हा विषय पदव्युत्तर शिक्षणाला निवडायचा असतो, म्हणजे ठरवायला तिच्याकडे चार वर्षं आहेत. आपल्या कोल्हापुरातच राहुरी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे. नोकरी लगेच मिळेलच असं मी म्हणणार नाही, ते तिच्या मार्कांवर, स्पर्धा परीक्षेवर आणि त्या त्या वर्षीच्या जागांवर आहे. काम उन्हाचं, चिखलाचं आहे, आणि बांधावर पहिली दोन-तीन वर्षं मुलीचं कुणी ऐकत नाही, हेही तिला आधीच माहीत असू द्या. माझंही ऐकत नव्हते.

ती कुठं शिकायचं ते ठरवेल तेव्हा ठरवेल, या रविवारी तिला एक करायला सांगा. तळाच्या वावरातलं हरभऱ्याएवढं, पूर्ण वाळलेलं ढेकूळ आणि परसातलं तेवढंच एक ढेकूळ. दोन काचेचे पेले, त्यात इन्व्हर्टरला घालतो ते डिस्टिल्ड पाणी. विहिरीचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी निकाल लपतो. ढेकळं हळूच सोडायची, ढवळायचं नाही, पेला हलवायचा नाही. दहा मिनिटांनी आणि मग दोन तासांनी बघायचं. नुसतं सुटून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर सोडियमची फार काळजी नाही. ढेकळाभोवती दुधासारखं ढगाळ वलय पसरत गेलं तर जमीन चोपण होतेय. तिनं दोन्ही पेल्यांचे फोटो काढून इथं टाकावेत, जुन्या अहवालातला सामू आणि ईसीसकट. आणि पावसाळ्यात विहिरीची पातळी जमिनीपासून किती फुटांवर असते तेही लिहावं, म्हणजे पुढचं बोलता येईल.